वरच्या मजल्यावरचा पडाव

मामूने कुवेतहून अम्मासाठी चाकांची खुर्ची आणली, आणि ती आमच्या मधल्या दारातून आत जाईना.

आमच्याकडे आखातातून काही आणायचं तर ते मोठं आणायचं, अशी रीत होती. ब्लँकेट आणलं तर ते कुठल्याच ट्रंकेत मावायचं नाही. थर्मास आणला तर तो भरल्यावर उचलायला दोन माणसं लागायची. कोणी लहान वस्तू आणली तर लोक म्हणायचे, याचं तिकडे काही बरं चाललेलं दिसत नाही. म्हणून तिकडच्या दुकानदाराने जेव्हा विचारलं, बाई अंगाने कशा आहेत, घराची दारं केवढी आहेत, तेव्हा मामू म्हणाला होता, "सगळ्यात मोठी दे." हे त्याने आम्हाला फार अभिमानाने सांगितलं. अम्मा तोवर वाळून अर्धी झाली होती. खुर्चीत बसली की तिच्या दोन्ही बाजूंना इतकी जागा उरायची की एका बाजूला ती तसबीहची माळ आणि अडकित्ता ठेवायची, दुसऱ्या बाजूला निवडायची भाजी.

शेवटी सुताराला बोलावून मधल्या दाराची चौकट काढली. खुर्चीच्या हातांवरचं प्लॅस्टिक मात्र मामूने काढू दिलं नाही. आळीतली माणसं खुर्ची बघायला आली, चाकं फिरवून गेली. अम्मा त्या वेळी खाटेवर पडून होती, आणि सगळे तिच्याकडे पाठ करून खुर्चीभोवती उभे होते, हे मला आठवतं.

त्याआधी दोन वर्षं अम्मा मागच्या दारी शेवाळावरून घसरून पडली होती. पाठीचा मणका गेला. कमरेखालचं सगळं थांबलं. मी तेव्हा महाडातल्या इंग्रजी शाळेच्या शेवटच्या वर्गात होते. मी मुळातच कमी बोलणारी, त्यानंतर आणखी कमी बोलायला लागले. घरात कोणी माझ्याकडे बघायला लागलं की मी पुस्तकात डोकं घालायचे, आणि पुस्तक इंग्रजी असल्यामुळे मी काय वाचते हे कोणी विचारायचं नाही. त्याचा मला आधार होता.

अम्माचं माहेर तुडीलचं. तिचे वडील, ज्यांना ती बावा म्हणायची, तांडेल होते. त्यांचा स्वतःचा पडाव होता. पडाव म्हणजे माल वाहायचं शिडाचं गलबत. सावित्रीच्या खाडीतून तो भरतीबरोबर आत यायचा, कौलं, मीठ, कधी खजूर घेऊन, आणि भात घेऊन परत जायचा. मग ट्रक आले, रस्ते झाले. पडाव काही वर्षं चिखलात कलून पडला होता आणि एके दिवशी बावांनी तो फोडून लाकडं विकली. त्याचा एकही फोटो कोणाकडे नव्हता. मी बावांना पाहिलं नाही, पडावालाही नाही. मला तो फक्त अम्मा आणि मामूच्या भांडणातून माहीत होता.

भांडण डोलकाठीवरून असायचं. मामू म्हणायचा एक होती, अम्मा म्हणायची दोन.

"तू तवा नागडा फिरत होतास रे," अम्मा म्हणायची. "तुला काय ठाऊक?"

"नागडा होतो, आंधळा नव्हतो."

हे भांडण मामूच्या दर सुट्टीत व्हायचं आणि कधीच मिटायचं नाही. मग एकदा, कुवेतला परत जाताना, विमानाला वेळ होता म्हणून मामू मुंबईत एका संग्रहालयात शिरला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. आठवडाभराने त्याचा फोन आला. आमच्याकडे फोन नव्हता, समोरच्या टेलिफोन बूथवरून बोलावणं आलं. अम्मा जाऊ शकत नव्हती म्हणून मी गेले. मामू ओरडून बोलत होता. "अम्माला सांग, बावाचा पडाव बघितला मी! काचेच्या पेटीत ठेवलाय. शीड, दोऱ्या, सगळं. हुबेहूब."

मी घरी येऊन तसंच्या तसं सांगितलं. अम्माने हातातली तसबीह बाजूला ठेवली. मग म्हणाली, "डोलकाठ्या किती ते विचारलंस का गो?"

मी विचारलं नव्हतं. पुढच्या फोनला विचारलं, तर मामूला आठवेना. "एकच असणार," तो म्हणाला.

त्या दिवसापासून अम्माचं एकच चाललं होतं. तिला तो पडाव बघायचा होता. एरवी ती काही मागायची नाही. औषधसुद्धा संपल्यावर दोन दिवसांनी सांगायची. पण हे तिने उघड मागितलं, अब्बांकडे मागितलं, दर महिन्याला मागितलं. अब्बा म्हणायचे, भाऊ आला की ने म्हणावं. त्यांचं टायरचं दुकान होतं आणि ते सोडून ते कुठेही जायचे नाहीत. मामू आला तो खुर्ची घेऊनच आला आणि म्हणाला, "आता काय अडचण? आता चाकं हायत."

पोलादपूरच्या एका ओळखीच्या माणसाची ट्रॅक्स जीप ठरवली. तो ती स्वतःच चालवायचा, पोलादपूर ते महाड आणि हंगामात आंबेनळी घाटातून महाबळेश्वरपर्यंत. अम्माला तो भाभी म्हणायचा आणि मामूला शेठ. पहाटेची फजरची नमाज झाल्यावर आम्ही निघालो. मामूने अम्माला काखेत हात घालून उचललं, मी पाय धरले, आणि तिला पुढच्या सीटवर बसवलं. खुर्ची घडी करून मागे टाकली. घडी घातली तरी ती मागची अख्खी बाजू खात होती, म्हणून मी आणि मामू कोपऱ्यात अंग चोरून बसलो. अम्माने नवा सलवार-कमीज घातला होता आणि वर शिफॉनची ओढणी. तिने डोळ्यांत सुरमा घातला होता. पडल्यापासून पहिल्यांदाच.

वाटेत ती सगळं मोठ्याने वाचत होती. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे शेर. तिची शाळा चौथीपर्यंतच झाली होती, पण वाचायची हौस दांडगी. "बघ गो, काय लिव्हलंय," असं ती मागे न वळता म्हणायची, कारण तिला वळता येत नव्हतं. मी "हो" म्हणायचे. मला ते दिसायच्या आत जीप पुढे गेलेली असायची.

मुंबईत पोचल्यावर मामू म्हणाला, आधी समुद्र दाखवू. त्याने दिवसभराचं सगळं मनात ठरवलं होतं: समुद्र, मग पडाव, मग आइस्क्रीम. समुद्राच्या कडेचा फुटपाथ उंच होता. खुर्ची रस्त्यावर उघडली तर मागून गाड्यांचे हॉर्न. आम्ही दोघांनी पुढची चाकं फुटपाथवर चढवली, मागची चढेनात, अम्मा मागे कलली आणि तिने "या अल्लाह" म्हणून माझा दंड धरला. मग आम्ही खुर्ची उतरवली आणि अम्माला पुन्हा जीपमध्ये बसवलं. समुद्र तिने जीपच्या खिडकीतून बघितला. मध्ये कठडा होता, त्यामुळे पाणी दिसत नव्हतं, पाण्याच्या पुढची धूसर रेषा दिसत होती.

"मोठा हाय," ती म्हणाली. मामूला बरं वाटावं म्हणून म्हणाली असावी.

संग्रहालयाच्या दाराशी मात्र आम्हाला आनंद झाला. पायऱ्यांच्या बाजूला सिमेंटचा नवा उतार केला होता आणि त्याच्या शेजारी निळी पाटी होती, पाटीवर चाकांच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचं पांढरं चित्र. मामू त्या पाटीशी उभा राहून म्हणाला, "बघ, तुझा फोटो लावलाय." अम्मा इतकी हसली की तिची ओढणी घसरली. जीपवाला तोंडातली तंबाखू थुंकून आला आणि त्याने एका दमात खुर्ची उतारावरून वर ढकलली. आत गार होतं. फरशी गुळगुळीत होती. आमच्या घरात उंबरे होते, तिथे खुर्ची दर दोन हातांवर अडायची. इथे ती नुसत्या बोटाने पुढे जात होती. अम्माने दोन्ही हात चाकांवर ठेवले आणि स्वतःच खुर्ची चालवायला लागली. दगडी मूर्तींच्या मधून ती एकटी पुढे गेली, आम्ही मागे. ती एवढी भरभर कुठे जाऊ शकते हे मी तोवर बघितलं नव्हतं.

दालनाच्या टोकाला जिना होता.

मामू तिथे थांबला. मला त्याचा चेहरा बाजूने दिसत होता. त्याने जिन्याकडे बघितलं, वर बघितलं, परत जिन्याकडे बघितलं. तो स्वतः त्या जिन्याने वर गेला होता, उतरला होता. पण तेव्हा तो नुसता चालणारा माणूस होता, आणि त्या माणसाच्या लक्षात जिना राहिला नव्हता.

"वर हाय," तो म्हणाला.

"काय वर हाय?" अम्माने विचारलं.

"पडाव."

तिथल्या पहारेकऱ्याला विचारलं, लिफ्ट कुठे आहे. तो म्हणाला, "लिफ्ट नाही हो. जुनी इमारत आहे. खाली बघा ना, खाली पुष्कळ आहे. नाणी आहेत." जीपवाला म्हणाला, साहेबाला विचारू. साहेबाची खोली जवळच होती. मामूने माझ्या पाठीला हात लावून मला पुढे केलं.

"तू बोल. इंग्लिशमध्ये बोल. मराठीत बोललं की हे ऐकत नाय. कशाला शिकवलीय तुला?"

मी आत गेले. टेबलामागे एक सभ्य, चष्मा लावलेले गृहस्थ होते. मी वाक्यं मनात जुळवून ठेवली होती, आणि आश्चर्य म्हणजे ती नीट आली. मी सांगितलं की माझी आई खाली आहे, ती चालू शकत नाही, ती महाडहून आली आहे, तिला वरचं जहाजाचं एकच दालन बघायचं आहे. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग ते बोलले. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा पुष्कळ चांगलं होतं. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. इमारत जुनी आहे, तिच्यात काही बदलता येत नाही. वस्तू नाजूक आहे, ती खाली आणता येत नाही. बाहेरचा उतार त्यांनीच आग्रह धरून करवून घेतला होता. आईला नाणी बघायला आवडतील का? मी "थँक यू" म्हटलं. ते उठून उभे राहिले, दारापर्यंत आले.

बाहेर मामू वाट बघत होता. "काय म्हणाला?"

"नाही म्हणाले."

"एवढा वेळ बोलला तो आणि नाय, एवढंच?"

"एवढंच."

जीपवाल्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या. "शेठ, आमच्या वाडीला अजून रस्ता नाय. आजारी माणूस डोलीतच खाली येतो. चादरीची डोली करतो, दोन बांबू, चार माणसं. ह्यो जिना म्हणजे काय? गाडीत चादर हाय, आणू?"

"नको," अम्मा म्हणाली.

ती खुर्चीत ताठ बसली होती. "मला चादरीत नको. दवाखान्यातून तसंच आणलं होतं मला. लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून बघत होते, दोघांनी तर मयत समजून दुआसाठी हात पण वर केले. मी जिवंत हाय रे. बसून जाईन, नायतर नाय जाणार."

जीपवाला मान खाली घालून "बरं भाभी" म्हणाला.

मग मामू तिच्यापुढे उकिडवा बसला. "चल, पाठीवर ये. लहानपणी तू मला घ्यायचीस ना?"

"ऊठ, ऊठ," अम्मा म्हणाली. "तुझा मणका गेला तर कुवेतला काय मी जाऊ?"

तेव्हा खुर्चीसकट न्यायचं ठरलं. खुर्चीला हात लावायचा, तिला नाही, म्हणून ती कबूल झाली. पहारेकरी म्हणाला, "पडलं-बिडलं कोणी तर आमच्यावर येईल," पण तो दुसरीकडे बघायला लागला. मामूने मागची बाजू धरली, जीपवाल्याने पुढची. मी शेजारून चालत होते, माझा एक हात खुर्चीवर होता आणि त्याचा काही उपयोग नव्हता. अम्माने डोळे मिटले होते. ओठ हलत होते. खुर्ची एकेक पायरी चढत होती, तिच्या लोखंडाचं वजनच इतकं की मामूच्या कपाळाची शीर वर आली. येणारीजाणारी माणसं भिंतीला चिकटून उभी राहिली. एका बाईने आपल्या मुलाला मागे ओढलं.

जिना मधल्या टप्प्यापर्यंत ऐसपैस होता. तिथे त्यांनी खुर्ची टेकवली आणि दोघे कठड्याला धरून दम खायला लागले. अम्माने डोळे उघडले. "आलो?"

"अर्धे आलो."

त्या टप्प्यावरून जिना वळत होता, आणि वळल्यावर तो निमुळता होता. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला लोखंडी कठडा. मामूने खुर्ची वळवली आणि पुढे लावली. खुर्ची अडली. त्याने थोडी तिरकी केली. अडली. जीपवाल्याने हाताने माप घेतलं, भिंत ते कठडा, मग एक चाक ते दुसरं चाक. बोटभरच कमी पडत होतं. प्लॅस्टिक लावलेले हात भिंतीवर घासून चुन्याचा ओरखडा उठला.

मामू परत परत लावत राहिला. घरी चौकट काढली होती, तशी इथे काही काढता येईल असं त्याला वाटत असावं. त्याने कठडा हलवूनसुद्धा बघितला. मग त्याचे हात थांबले. तो खुर्चीच्या मागे उभा होता, त्यामुळे त्याचा चेहरा अम्माला दिसत नव्हता, मला दिसत होता. मी दुसरीकडे बघितलं.

"तिकडचा दुकानवाला म्हणत होता," तो अगदी हळू म्हणाला, "मधल्या मापाची पण हाय म्हणून."

"मोठी हाय तर बसायला बरी हाय," अम्मा म्हणाली.

तिथून, खुर्चीत बसून, वर बघितलं की दालनाच्या दाराची वरची कड दिसत होती, त्याच्या आतलं छत, आणि फिरणारा पंखा. अम्मा त्या पंख्याकडे बघत होती. खाली पहारेकरी म्हणत होता, "वाट अडवू नका हो, खाली घ्या त्यांना."

"जरा थांब बाबा," अम्मा म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "तू जा. तू बघून ये. डोलकाठ्या किती ते बघ."

मी वर गेले. दालन लहान होतं. मधोमध काचेच्या पेटीत गलबत होतं, माझ्या दोन हातांत मावेल एवढं. पिवळट शीड, बारीक बारीक दोऱ्या. मला ते सुंदर वाटलं, आणि परकं वाटलं. खाली आले.

"दोन आहेत. एक मोठी, एक लहान, मागच्या बाजूला."

अम्माने मामूकडे न बघता म्हटलं, "ऐकलास?" मामू म्हणाला, "ऐकलं." एरवी तो असा हरला नसता.

"चूल हाय का बघ. पडावावर चूल असते, लाकडाच्या पेटीत माती घालून."

मी परत वर गेले. चूल होती. नखाएवढी, तिच्यावर मोहरीएवढं भांडं. मला इतका आनंद झाला की मी जिन्यावरून धावत आले.

"आहे! भांडंसुद्धा आहे."

"कुठल्या अंगाला?"

मी थांबले. मी पेटीच्या ज्या बाजूला उभी होते त्या बाजूने ती उजवीकडे होती. पण गलबताचं तोंड कुठे होतं? मी परत गेले. परत आले. डावीकडे, मी म्हटलं. अम्माने मान हलवली, डोळे मिटून. माणसं आमच्या बाजूने अंग चोरून वर जात होती, खाली येत होती. सगळ्यांना ते गलबत दिसत होतं. बहुतेक जण त्याच्यासमोर थांबतही नव्हते, हे मी वर बघितलं होतं.

"परबाणाला शीड कसं बांधलंय?"

"परबाण म्हणजे?"

"आडवं लाकूड गो. ज्याला शीड बांधतात. फेर घातलेत का एकेक गाठ हाय? बावा गाठी मारायचा. फेर घालणारे तांडेल त्याला आवडायचे नाय."

मी गेले. मी आडव्या लाकडाशी डोळे नेले. दोरी होती, शीड होतं, दोरी लाकडाभोवती जात होती आणि मग कुठेतरी जात होती. ती गाठ होती की फेर? मला कळेना. मला जहाजांचे इंग्रजी शब्द येत होते, शाळेत कवितेत होते, पण ते इथे कशाला लागत नव्हते. मी खाली येऊन अम्माच्या तळहातावर बोटाने काढून दाखवलं. ती तळहाताकडे बघत राहिली. मी पुन्हा काढलं, या वेळी थोडं वेगळं निघालं.

"असं की तसं?"

"मला नीट सांगता येत नाही, अम्मा."

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने तळहात मिटला. "सुकाणूपाशी फळी हाय का? बसायची? बावा मला तिथं बसवायचा. पाय लटकत ठेवायचे नाय, आत घ्यायचे, असं सांगायचा. तेवढी बघ, मंग पुरे."

मी वर गेले तेव्हा एक माणूस एकेक खिडकी लावत होता. मी गलबताच्या मागच्या बाजूला वाकले. सुकाणू होतं. त्याच्यापुढे लाकडी पट्ट्या होत्या, सपाट, सलग. ती फळी होती का? की तो नुसता तळ होता? मी काचेला कपाळ टेकवलं तर माझ्याच श्वासाने काच धुरकटली. मी ओढणीने पुसली. "चला ताई, बंद करायचंय," तो माणूस म्हणाला आणि त्याने दिवा घालवला.

मी जिना उतरले. अम्मा वर बघत होती, मी वळणावर दिसल्यापासून माझ्या चेहऱ्याकडे.

"दिसली नाही," मी म्हटलं. "दिवा घालवला."

"बरं."

तिला परत खाली आणणं चढवण्यापेक्षा कठीण गेलं, कारण उतरताना तिला पुढे सगळा जिना दिसत होता. दाराशी पहारेकरी आला. तो वाईट माणूस नव्हता. त्याने उतारावर खुर्चीला हात लावला आणि म्हणाला, "पुढच्या वेळी आधी फोन करून या."

मी स्वतःहून अनोळखी माणसाला काही विचारत नाही. तेव्हा विचारलं. "फोन केला तर काय होईल?"

त्याने खरंच विचार केला. "तसं काही होणार नाही," तो म्हणाला. "पण करा."

आइस्क्रीमचं कोणी नाव काढलं नाही. पनवेल गेलं. मग अम्मा पुढच्या सीटवरून, न वळता म्हणाली, "सांग गो. पहिल्यापासून सांग. आत गेलीस, मंग काय दिसलं?"

मी सांगायला लागले. काचेची पेटी, पिवळं शीड. ती म्हणाली, पिवळं नाय, मातकट असणार. मी म्हटलं, मातकट. चूल डावीकडे, तिच्यावर भांडं. ती म्हणाली, चुलीमागं पाण्याचं पिंप असणार. मला पिंप दिसलं नव्हतं, पण मी नाही म्हटलं नाही. शीड गाठी मारून बांधलेलं. अम्मा म्हणाली, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, बावाने चांद कोरला होता, तो असणार. मामू माझ्या शेजारी अंधुक उजेडात बसला होता. त्यालाही चांद माहीत नव्हता, की आठवत होता, कोण जाणे, तो म्हणाला, "हां, होता." पेणपर्यंत सुकाणूपाशी फळी आली होती, आणि मी वर काय बघितलं होतं ते माझं मलाच नीट आठवेनासं झालं होतं.

अम्मा खुशीत आली होती. तिचा आवाज मोकळा झाला होता. जीपवालासुद्धा मध्येच विचारत होता, भाभी, मग वारा पडला की काय करायचे? ती त्याला सांगत होती, वल्ही कशी मारायचे, माणसं काय ओरडायची. मग ती थांबली. काहीतरी आठवल्यासारखी.

"वास कसा होता गो? बावा पडावाला माशाचं तेल लावायचा. आठवडाभर आमच्या अंगाला यायचा. तो वास होता?"

मामू माझ्याकडे बघत होता. 'हो' म्हण, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. मी तोंड उघडलंसुद्धा.

"काच होती, अम्मा," मी म्हटलं.

"हां," ती म्हणाली. "काच."

तिने खिडकीची काच वर घेतली, वारा लागत होता म्हणून. मग ती पाट्या वाचायला लागली, पण मनातल्या मनात. मागून फक्त तिचं डोकं दिसत होतं, आणि एकेक गाव गेलं की ते किंचित हलायचं.